आर्टेटाचं आर्सेनल: चढण की जिना? (डिसेंबर २०१९ ते मे २०२५)
(फुटबॉलप्रेमींच्या मंचावरची चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गुणतक्ता
मिकेल आर्टेटा २० डिसेंबर २०१९ ला आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबात प्रशिक्षक म्हणून आला. तेव्हापासूनच्या प्रीमियर लीगमधल्या (इंग्लंडमधली सर्वात वरची साखळी) कामगिरीबद्दल 'दरवर्षी थोडं थोडं सुधारत गेले' असं सर्रास लिहिलं जातं. गुण नीट मांडले तर तसं दिसत नाही. आधी आकडे टाकतो, मग भांडू.

२०१९-२०: ५६ गुण, ८ वा क्रमांक, गोल ५६-४८ (केले-खाल्ले), हार १०
२०२०-२१: ६१ गुण, ८ वा, ५५-३९, हार १३
२०२१-२२: ६९ गुण, ५ वा, ६१-४८, हार १३
२०२२-२३: ८४ गुण, २ रा, ८८-४३, हार ६
२०२३-२४: ८९ गुण, २ रा, ९१-२९, हार ५
२०२४-२५: ७४ गुण, २ रा, ६९-३४, हार ४

पहिल्या ओळीतले सगळे ५६ त्याच्या नावावर टाकू नका. आधीचा प्रशिक्षक उनाई एमरी आणि मधले सामने सांभाळणारा फ्रेडी युंगबर्ग यांच्या १८ सामन्यांत २३ गुण होते, आर्टेटाच्या २० सामन्यांत ३३.

आता हंगामाच्या सीमा पुसून, खेळ जिथे खरोखर बदलला तिथे रेघ मारली, तर सामन्यामागे गुण असे येतात:

जुलै २०२० पर्यंतचे २० सामने: १.६५
२०२०-२१ चे पहिले १४: १.००
२६ डिसेंबर २०२० पासूनचे २४: १.९६
ऑगस्ट २०२१ चे ३: शून्य
त्यापुढचे ३५: १.९७
२०२२-२३ चे पहिले २७: २.४४
शेवटचे ११: १.६४
२०२३-२४ चे पहिले २०: २.००
शेवटचे १८: २.७२
२०२४-२५ चे सगळे ३८: १.९५

हा जिना आहे, आणि मध्ये दोन-तीन पायऱ्या तुटलेल्या आहेत. १.९६ आणि १.९७ शेजारीशेजारी बघा. दीड वर्ष संघ त्याच पायरीवर उभा होता, तरी तक्त्यात ६१ चे ६९ झाले म्हणून 'प्रगती' दिसली.

नऊ_नंबर
शेवटची ओळ मात्र तुम्ही हळूच सरकवलीत. २.७२ वरून १.९५. ही तुटलेली पायरी नाही, घसरण आहे. ८९ चे ७४ झाले, गोल ९१ चे ६९ झाले. गॅब्रिएल आणि सालिबा हे मधले बचावपटू असताना बचाव कोणीही उभा करेल. गोल कोण करणार, हा प्रश्न सहा वर्षं भिजत पडलाय.

अर्धा_अवकाश
'बचाव कोणीही उभा करेल' हे डिसेंबर २०२० मध्ये कोणी म्हटलं असतं का? तेव्हाचं आधी बघू, कारण पाया तिथे घातला गेला.

२०२०-२१ च्या पहिल्या १४ सामन्यांत आर्सेनलने १२ गोल केले, १८ खाल्ले, आणि १४ गुणांवर १५ व्या क्रमांकावर होते. त्यातले शेवटचे सलग सात सामने विजयाविना. खेळायची पद्धत अशी: मागे तीन सेंटर बॅक (मधले बचावपटू), दोन विंगबॅक (कडेने वर-खाली धावणारे), मध्ये दोघे आणि पुढे तिघे. बचावासाठी रचना ठीक होती. अडचण चेंडू पुढे नेताना यायची. मधले दोघे आणि पुढचे तिघे यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याच्या दोन ओळींमधली जागा रिकामी राहायची. तिथे चेंडू घेऊन वळणारा माणूसच नव्हता. मग चेंडू बाजूला, बाजूने क्रॉस (गोलापुढे टाकलेला चेंडू), आणि बॉक्समध्ये (गोलापुढच्या चौकटीत) हेडर मारणारा कोणी नाही. पुढे खेळणाऱ्या ओबामेयांगची ताकद बचावाच्या मागच्या मोकळ्या जागेत धावण्यात. त्याला क्रॉसवर उभं करणं म्हणजे त्याला खेळातून बाहेर काढणंच.

२६ डिसेंबरला चेल्सीविरुद्ध ४-२-३-१ आलं (मागून पुढे: चार बचावपटू, दोघे, तिघे, एक), एमिल स्मिथ रो दहा नंबरवर (सगळ्यात पुढच्या माणसाच्या मागे), साका उजवीकडे. ३-१ जिंकले. पुढच्या जानेवारीत ओडेगार्ड रेआल माद्रिदकडून लोनवर (उसना) आला तो त्याच जागेसाठी. उरलेल्या २४ सामन्यांत गोल ४३-२१. स्मिथ रोने काही जादू केली नाही. मोकळ्या पट्ट्यात उभं राहणं, अर्धं वळून चेंडू घेणं, एका स्पर्शात बाजूच्याला देणं, एवढंच. पण पाच जणांचं काम त्याने सोपं झालं.

जुनाजाणता
यात एक भर. त्याच २०२० च्या सप्टेंबरात त्याचं पद 'हेड कोच' वरून 'मॅनेजर' झालं होतं. नुसतं पाटीवरचं नाव बदललं असं वाटतं, पण नंतरची साफसफाई त्याच अधिकारातून झाली. ओझील, सोक्रातिस आणि मुस्ताफी हे २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत करार संपायच्या आधीच मोकळे केले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये ओबामेयांगचं कर्णधारपद काढलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये तो करार संपवून बार्सिलोनाला गेला. पैसे घेऊन विकण्याऐवजी पैसे देऊन सोडायचं, हे हिशेबाच्या वहीत वाईटच दिसतं. पण ड्रेसिंग रूममधली पगाराची उतरंड त्याशिवाय मोडत नव्हती.

२०२१ च्या उन्हाळ्यातली खरेदी: बेन व्हाइट, ओडेगार्ड (आता कायमचा), गोलकीपर रॅम्सडेल, तोमियासू, नुनो तावारेस, लोकोंगा. सहाही जण २३ किंवा त्याहून कमी वयाचे. सगळे मिळून सुमारे १५ कोटी पौंड. तेव्हा हसले होते लोक.

नऊ_नंबर
हसणारच. पहिले तीन सामने: ब्रेंटफर्डकडून २-०, चेल्सीकडून २-०, मँचेस्टर सिटीकडून ५-०. नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही, तक्त्यात तळाला.

गुणतक्ता
आणि त्या तिन्ही सामन्यांत संघ कोणता होता ते पाहिलंत का? व्हाइट आणि गॅब्रिएल एकत्र एकदाही खेळले नव्हते. रॅम्सडेल आणि तोमियासू लीगमध्ये उतरलेच नव्हते. हे चौघे पहिल्यांदा एकत्र दिसले ११ सप्टेंबरला नॉर्विचविरुद्ध, १-० विजय. म्हणून मी ते तीन वेगळे काढले. सोयीचे सामने काढून टाकणं आणि वेगळ्या अकरा जणांचे सामने वेगळे मोजणं यात फरक आहे. अर्थात तीन सामन्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, म्हणून त्यांचा 'शून्य' मी कुठल्या सरासरीत धरलेला नाही.

तो हंगाम युरोपीय स्पर्धांविना होता, क्लबला २५ वर्षांत प्रथमच. मधल्या आठवड्यात प्रवास नाही, म्हणजे सरावाला पूर्ण आठवडा. पद्धत पक्की करायला हे दिवस फार उपयोगी पडतात.

बॉक्सटूबॉक्स
तरी चौथं स्थान हातातोंडाशी येऊन गेलं. एप्रिल २०२२ मध्ये पॅलेसकडून ३-०, ब्रायटनकडून २-१, साउथॅम्प्टनकडून १-०. मधल्या फळीतला थॉमस पार्टी आणि डावीकडचा बचावपटू टिअर्नी दोघेही जखमी. मग चेल्सी, मँचेस्टर युनायटेड, वेस्ट हॅम, लीड्स असे सलग चार जिंकले आणि शेवटी टॉटनहॅमकडे ३-०, न्यूकॅसलकडे २-०. टॉटनहॅमचे ७१, यांचे ६९. दोन गुण. बाकावर दुसरा पार्टी नव्हता, दुसरा टिअर्नी नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पहिले अकरा जण १.९७ च्या वरचे होते, पुढचे सहा जण खालचे.

नवखा_प्रेक्षक
एक प्रश्न. २०२२-२३ मध्ये एकदम १.९७ वरून २.४४ कसं झालं? नुसते गॅब्रिएल जेझुस आणि झिंचेन्को आले म्हणून?

अर्धा_अवकाश
दोघे आलेच (दोघेही सिटीकडून), पण सगळ्यात मोठा फरक मार्सेयहून लोन संपवून परतलेल्या सालिबाने पडला. जरा सविस्तर लिहितो.

कागदावर ४-३-३. चेंडू ताब्यात आला की ३-२-५. डावा फुलबॅक (कडेचा बचावपटू) झिंचेन्को आत सरकून पार्टीच्या शेजारी उभा राहायचा, उजवा फुलबॅक व्हाइट मागे राहून तिसरा सेंटर बॅक व्हायचा. मागे तीन, त्यांच्यापुढे दोन, आणि सगळ्यात पुढे पाच: मार्टिनेली रेषेला चिकटून, जाका डाव्या आतल्या पट्ट्यात, जेझुस मध्ये, ओडेगार्ड उजव्या आतल्या पट्ट्यात, साका उजव्या रेषेवर. पाच उभे पट्टे, प्रत्येकात एक माणूस. समोर चार बचावपटूंची ओळ असेल तर पाचवा कोणीतरी मोकळा सुटतोच.

चेंडू गेला की ४-४-२. ओडेगार्ड वर जाऊन जेझुसच्या शेजारी. दाब कधी द्यायचा याच्या खुणा ठरलेल्या: प्रतिस्पर्ध्याने मागे पास दिला, पहिला स्पर्श लांब गेला, किंवा त्यांच्या फुलबॅकने रेषेकडे तोंड करून चेंडू घेतला. तिसरी खूण सर्वात फायद्याची, कारण रेषा हीच बचावाचा आणखी एक माणूस होते.

आता सालिबा. ३-२ मागे ठेवून पाच जण पुढे पाठवले की त्या मागच्या पाच जणांच्या पाठीमागे अर्धं मैदान रिकामं असतं. तिथे लांब चेंडू पडला तर धावून तो गोळा करणारा, एकास एक न हरणारा सेंटर बॅक लागतो. तो असेल तर ओळ मध्यरेषेपर्यंत वर ठेवता येते, ओळ वर असली की दोन ओळींमधलं अंतर कमी, अंतर कमी असलं की हरवलेला चेंडू लगेच परत मिळतो. एका माणसामुळे अख्खा संघ पंधरा पावलं पुढे खेळतो.

यात बिघाड कुठे होतो तेही लिहितो. झिंचेन्को आत गेल्यावर डाव्या फुलबॅकची जागा मोकळी. चेंडू हरवून प्रतिस्पर्ध्याने तिथे तिरका लांब पास टाकला की गॅब्रिएलला बाहेर धावावं लागतं, आणि मग बॉक्समध्ये त्याची जागा उघडी पडते. दुसरा बिघाड: समोरच्याने पार्टी आणि झिंचेन्को दोघांवर माणूस चिकटवला तर मधून वाटच उरत नाही. एप्रिल २०२३ मध्ये सिटीने तर दाबाच्या वरून सरळ हालांडकडे चेंडू टाकले आणि डी ब्रॉयनाला त्याच्या शेजारून धावत सोडलं. आर्सेनल ४-१ हरलं.

डावखुरी
सालिबा जखमी झाला आणि जेतेपद गेलं, असं एका ओळीत सांगून मोकळं होणं सोपं आहे. आकडे तसे दिसतातही: त्याने खेळलेल्या पहिल्या २७ सामन्यांत २५ गोल खाल्ले, तो बाहेर बसल्यावर ११ सामन्यांत १८. म्हणजे ०.९३ वरून १.६४. १६ मार्च २०२३ ला स्पोर्टिंगविरुद्ध युरोपा लीगमध्ये तो जखमी झाला, त्याच सामन्यात तोमियासूही गेला, म्हणून व्हाइटला आत आणायचा मार्गही बंद. मग सालिबाच्या जागी रॉब होल्डिंग.

पण त्यानंतर पॅलेस आणि लीड्स दोन्ही ४-१ ने हरवले, होल्डिंगसहच. घसरण त्यानंतरची. लिव्हरपूलला २-० पुढे असताना २-२, वेस्ट हॅमला २-० पुढे असताना २-२. वेस्ट हॅमविरुद्ध २-१ असताना साकाची पेनल्टी हुकली आणि दोन-तीन मिनिटांत बोवेनने बरोबरी केली. साउथॅम्प्टनविरुद्ध पहिल्याच मिनिटात रॅम्सडेलचा चुकीचा पास, ८८ व्या मिनिटाला १-३, आणि कसेबसे ३-३. यात सेंटर बॅकचा दोष किती? पुढे असताना सामना संथ करायला शिकलेला संघच तो नव्हता. २-० नंतरही तिसऱ्या गोलासाठी पाच जण वर.

गुणतक्ता
मान्य. 'शेवटचे ११' ही रेघ मी सालिबाच्या दुखापतीपाशीच मारली होती; तिचं सगळं ओझं त्याच्या पाठीवर टाकणं मी मागे घेतो. पण तुमचं 'सामना संथ करणं' हेच पुढच्या पायरीचं उत्तर आहे. पुढच्या हंगामात खाल्लेले गोल ४३ चे २९ झाले ते त्यामुळेच.

आणि एक नियम सगळे विसरतात. २०२२-२३ पासून प्रीमियर लीगमध्ये पाच बदली खेळाडू कायम झाले. ज्याचा बाक भरलेला, त्याला साठाव्या मिनिटानंतर जवळजवळ अर्धा संघ नवा मिळतो. २४८ दिवस तक्त्यात पहिले राहून जेतेपद न मिळणं हा नकोसा विक्रम त्या हंगामात झाला, तेव्हा सिटीचा बाक आणि आर्सेनलचा बाक शेजारी ठेवून बघा.

कोपरा_किक
धागा इतका लांबला आणि कॉर्नरचा उल्लेख नाही? निकोला जोव्हर २०२१ मध्ये सिटीहून सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किक वगैरेंचा) प्रशिक्षक म्हणून आला. २०२३-२४ मध्ये आर्सेनलने नुसत्या कॉर्नरवर १६ गोल केले. ९१ मधले १६. पद्धत लिहितो, कारण 'उंच माणसं आहेत म्हणून होतात' असं वाचून कंटाळा आलाय.

मारणारे दोघे. उजव्या कोपऱ्यातून साका डाव्या पायाने, डाव्या कोपऱ्यातून राइस उजव्या पायाने. दोन्हीकडून चेंडू गोलाच्या दिशेने वळत येतो. कोणाचाही स्पर्श झाला नाही तरी तो गोलात जाऊ शकतो, त्यामुळे गोलकीपरला रेषा सोडायची भीती.

बॉक्समध्ये उभं राहायची जागा उलटी. पाच-सहा जण लांबच्या खांबाच्या पलीकडे, बॉक्सच्या कडेला एका घोळक्यात. पट्ट्यांनुसार बचाव करणारे सहा यार्डांच्या चौकटीत उभे असतात, त्यांच्या पाठीमागून हा घोळका येतो. चेंडू बघायचा की माणूस, यात ते अडकतात. मारणारा पावलं टाकायला लागला की धाव सुरू. आधी सुरू केली तर चेंडू येईपर्यंत माणूस पुढे निघून गेलेला असतो, उशीर झाला तर नुसताच धक्का लागतो.

गोलकीपरच्या अंगाला अंग लावून एकजण, बहुतेकदा व्हाइट. त्याने हात वापरायचे नाहीत, फक्त जागा अडवायची. आणखी एक-दोघे बचावातल्या सर्वोत्तम हेडरवाल्याची वाट अडवतात. गॅब्रिएलला मोकळी धाव मिळते ती या अडवण्यामुळे. त्याची उडी नंतरची गोष्ट.

चेंडू पडायची जागा: सहा यार्डांच्या चौकटीचा मधला ते लांबचा भाग. एकजण बॉक्सच्या टोकाशी उडालेल्या चेंडूसाठी, दोघे मागे.

चुकतं कुठे? सर्वात जास्त वेळा चेंडू पहिल्या माणसाच्या डोक्याखाली राहतो. तो गेला की सगळी कसरत फुकट, वर प्रतिहल्ल्याची सुरुवात. दुसरं, अडवणाऱ्याने हात लावला की पंच शिट्टी मारतो, आणि एकदा मारली की त्या सामन्यात प्रत्येक कॉर्नरवर त्याचं लक्ष तिथेच. तिसरं, जागेवर घोळका ओळखून बचावाने स्वतःचे दोघे तिथे नेऊन उभे केले की धावेचा वेग मोडतो. त्यावर उत्तर म्हणून लहान कॉर्नर किंवा जवळच्या खांबाकडे आधी एक खोटी धाव.

डिसेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला २-० हरवलं, टिंबर आणि सालिबा, दोन्ही कॉर्नर. त्या दिवशी मोकळ्या खेळात काही फार घडत नव्हतं.

नऊ_नंबर
हेच माझं म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत की. मोकळ्या खेळात काही घडत नव्हतं!

कोपरा_किक
कॉर्नर आपोआप मिळत नाहीत. प्रतिस्पर्धी बॉक्सपाशी कोंडला गेला, साकावर दोघे-दोघे आले, चेंडू बाहेर टोलवावा लागला, की कॉर्नर. जागा जिंकल्याची ती पावती आहे. पण तुमच्या मुद्द्यातलं अर्धं मी मान्य करतो: ज्या संघाला कॉर्नरवर गोल मिळतात, त्याला मोकळ्या खेळातली गरिबी बराच काळ दिसत नाही.

बॉक्सटूबॉक्स
२०२३-२४ च्या दोन अर्ध्यांबद्दल. राइस १० कोटी पौंड अधिक ५० लाखांच्या अटींवर आला, हावर्ट्झ साधारण साडेसहा कोटींना. पहिल्या २० सामन्यांत हावर्ट्झ डाव्या आतल्या पट्ट्यात, जाकाच्या जागी. त्या जागी चेंडू पायात घेऊन फिरवायला लागतो, आणि हावर्ट्झची ताकद चेंडूविना धावण्यात. मार्टिनेलीच्या अंगावर दोघे, आत मदत नाही, त्यामुळे डावी बाजू बंद. सगळा खेळ व्हाइट-ओडेगार्ड-साका या उजव्या त्रिकोणातून. प्रतिस्पर्ध्यांनी तोच बाजूला ढकलून बंद केला. डिसेंबरात व्हिला, वेस्ट हॅम आणि फुलहॅमकडून हार.

फेब्रुवारीत हावर्ट्झ नऊ नंबरवर (सगळ्यात पुढे, मध्ये), राइस डावीकडे वर, त्याच्या मागे जोर्जिन्यो. डाव्या फुलबॅकला किव्हियोर, जो आत सरकत नाही, मागेच राहतो. डावीकडची मोकळी जागा, जिचं वर्णन वर आलंय, ती बुजली. हावर्ट्झला लांब चेंडू टाकून दाबाच्या वरून जायचा मार्गही मिळाला, सिटीने २०२३ मध्ये यांच्यावर वापरला तोच. नव्या वर्षातले १८ सामने: १६ विजय, सिटीशी ०-० आणि व्हिलाकडून २-० हार. वेस्ट हॅम ६-०, शेफिल्ड युनायटेड ६-०, तेही दोन्ही त्यांच्या मैदानावर. तरी सिटी ९१, आर्सेनल ८९.

नऊ_नंबर
२.७२ च्या वेगाने १८ सामने खेळलेला संघ पुढच्या वर्षी १४ बरोबऱ्या करतो. कारण द्या. दुखापतींचं नाव घेऊ नका, त्या सगळ्यांनाच होतात.

शिट्टी
दुखापती बाजूला ठेवतो. लाल कार्डं घ्या. लीगमध्ये सहा. राइस (ब्रायटन), ट्रोसार (सिटी), सालिबा (बोर्नमथ), लुइस-स्केली (वुल्व्ज, नंतर रद्द झालेलं), पुन्हा लुइस-स्केली (वेस्ट हॅम), मेरिनो (लिव्हरपूल). सहा सामन्यांत एक विजय, तीन बरोबऱ्या, दोन हार. १८ पैकी ६ गुण.

पण सगळी सारखी मोजू नका. वेस्ट हॅमविरुद्ध कार्ड आलं तेव्हा संघ मागे होताच, आणि लिव्हरपूलला मेरिनोची बरोबरी आधी, कार्ड नंतर. खरा फटका पहिल्या तिघांचा. ब्रायटनविरुद्ध १-० पुढे असताना राइसने शिट्टीनंतर चेंडू पायाने जरासा सरकवला, खेळ पुन्हा सुरू व्हायला उशीर केला म्हणून दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे लाल. सिटीविरुद्ध २-१ पुढे असताना ट्रोसारने फाऊलनंतर चेंडू लांब मारला, पुन्हा दुसरं पिवळं. अख्खा उत्तरार्ध दहा जणांनी काढला आणि ९८ व्या मिनिटाला स्टोन्सने बरोबरी केली. नियम आधीपासूनच आहे. अंमल सारखा होतो का, हा वेगळा वाद. पण एक पिवळं अंगावर असलेल्याने शिट्टीनंतर चेंडूजवळ पायसुद्धा न्यायचा नाही, हे सरावात सांगायची गोष्ट आहे. राइसचं कार्ड ३१ ऑगस्टचं, ट्रोसारचं २२ सप्टेंबरचं. तीन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. हे मॅनेजरच्याच खात्यावर.

डावखुरी
+१. त्याहून बोलका हिशेब: पुढे असून गमावलेले गुण. ब्रायटनशी दोन्ही सामने, सिटी, घरी लिव्हरपूल, चेल्सी, व्हिला, एव्हर्टन, ब्रेंटफर्ड, पॅलेस अशा नऊ बरोबऱ्या, आणि बोर्नमथविरुद्ध १-० वरून १-२. १८ अधिक ३, म्हणजे २१ गुण. ७४ आणि २१ मिळवले की ९५ होतात. तेवढे कोणालाच परत मिळत नसतात, प्रत्येक संघ असे काही घालवतोच. लिव्हरपूल ८४ वर जिंकले, म्हणजे अर्धे राखले असते तरी स्पर्धा शेवटपर्यंत गेली असती.

गंमत अशी की २०२३ मध्ये रोग होता २-० नंतरही उधळत धावण्याचा. २०२५ मध्ये रोग उलटा: १-० नंतर मागे बसायचं, दुसरा गोल करायला माणूस नाही. इलाज जास्त झाला.

अर्धा_अवकाश
माणूस का नाही ते मात्र बघावंच लागेल, नऊ_नंबर यांनी मनाई केली तरी. सप्टेंबरात ओडेगार्डचा घोटा, डिसेंबरात साकाची मांडीमागची शीर, जानेवारीत जेझुसचा गुडघा, फेब्रुवारीत हावर्ट्झची मांडीमागची शीर. उजवा त्रिकोण, ज्यावर सगळं उभं, त्याचे दोन कोन वेगवेगळ्या वेळी गायब. लेस्टरविरुद्ध मेरिनोला, मधल्या फळीतल्या माणसाला, नऊ नंबरवर उतरवावं लागलं. त्याने दोन गोल केले, पण पुढच्या तीन सामन्यांत वेस्ट हॅमकडून ०-१, फॉरेस्टशी ०-० आणि मँचेस्टर युनायटेडशी १-१.

दुखापती सगळ्यांना होतात, खरं आहे. जानेवारीत पुढच्या फळीत कोणीही न घेणं हे मात्र सगळे करत नाहीत. तो निर्णय होता, नशीब नव्हतं.

नऊ_नंबर
हे मान्य केलंत, पुरे झालं.

नवखा_प्रेक्षक
मग पुढे चालू हंगामात सुधारणा आहे की नाही हे ओळखायचं कसं? गुण तर फसवतात म्हणताय.

गुणतक्ता
दहा-दहा सामन्यांची सरकती सरासरी ठेवा: नवा सामना आला की सर्वात जुना काढायचा. पाच घेतले तर एका कठीण आठवड्याने रेघ उडते, वीस घेतले तर बदल कळेपर्यंत हंगाम संपतो. अपेक्षित गोल (संधी किती चांगल्या होत्या यावरून काढलेला गोलांचा अंदाज) वापरत असाल तर पेनल्ट्या वेगळ्या काढा. एक पेनल्टी म्हणजे पाऊण गोलाहून थोडं जास्तच, तिने अख्ख्या सामन्याचं चित्र फिरतं. लाल कार्डानंतरची मिनिटं वेगळी मोजा. प्रतिस्पर्धी सोपे होते की अवघड ते शेजारी लिहा, कारण वेळापत्रकात सोपे सहा सामने एकत्र आले की कोणीही सुधारलेला दिसतो.

आणि हारांचा स्तंभ बघा. १३, १३, ६, ५, ४. गुण पडले त्या वर्षीही हार कमीच झाली. म्हणून मी २०२४-२५ ला घसरण म्हणत नाही. तळ वर सरकलाय, छप्पर खाली आलं.

जुनाजाणता
तळ वर आणि छप्पर खाली, म्हणजे मधल्या माणसाला वाकून चालावं लागणार. १४ बरोबऱ्या त्याच की!

२०२५ च्या उन्हाळ्यात घेतलेली नावं बघितली तर क्लबने रोगनिदान तेच केलेलं दिसतं. ग्योकेरेश नऊ नंबरला, एझे आणि मादुएके साका-ओडेगार्डवरचा भार हलका करायला, झुबिमेंडी पार्टीच्या जागी, मोस्केरा सालिबाच्या मागे. २०२२ ला टिअर्नी-पार्टी जखमी झाले आणि २०२३ ला सालिबा जखमी झाला, तेव्हा यातलं कोणी नव्हतं.

कोपरा_किक
ग्योकेरेश कॉर्नरला गोलकीपरपाशी उभा राहणार की घोळक्यात, हे बघायचंय. व्हाइट बाहेर असेल त्या दिवशी अडवायचं काम कोणीतरी करायला हवं, आणि जो अडवतो त्याच्या नावावर गोल लागत नाहीत. गोलांसाठी आणलेल्या माणसाला ते पटवणं अवघड.